दुसरीच्या हातची पँट

माझ्या नवऱ्याने दुसरीच्या हातची पँट घातली. ही दुसरी कोणी परकी असती तर मी सरळ तिच्या झिंज्या उपटून मोकळी झाले असते. पण ती निघाली माझी धाकटी जाऊ. माझ्या शेजारच्या मशीनवर बसते, माझाच खडू वापरते आणि वर गोड आवाजात विचारते, "ताई, चहा ठेवू का?" हिच्या झिंज्या उपटायच्या तरी कशा?

खाली आमचं शिलाईचं दुकान आणि वर घर. सासरे होते तेव्हापासूनची वाटणी आहे, पँटी मोठीने शिवायच्या आणि शर्ट धाकटीने. मोठी म्हणजे मी. गल्ल्यावर माझा दीर बसतो, धाकटीचा नवरा. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बटणं लावतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यांवर शेरा मारतात. आमच्या ह्यांना मात्र सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. हे बस चालवतात, सकाळी निघतात ते संध्याकाळी दमून परत येतात. पण लग्न झाल्यापासून ह्यांच्या अंगाला माझ्याशिवाय कोणाच्या हातची पँट लागली नव्हती. ह्यांच्या मापाचा खाकी कागद माझ्या मशीनच्या वर खिळ्याला टांगलेला आहे. लग्नाच्या वर्षी मी तो कापला. पँट शिवायची झाली की कागद काढायचा, कापडावर ठेवायचा आणि डोळे मिटून कात्री चालवायची. गिऱ्हाइकांनी विचारलं की मी सांगायचे, "तो आमच्या मालकांचा." मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू!

तर या उन्हाळ्यात धाकटीच्या डोक्यात खूळ शिरलं. कुठूनसा तिने लिननमिश्रित कापडाचा तागा आणला. अर्धं लिनन, अर्धं सुती. हाताला हलकं, जरासं खरबरीत, रंग कोरड्या वाळूसारखा. आणि त्याच्या पुरुषांसाठी मोकळ्याढाकळ्या पँटी शिवायला बसली. कमरेला पुढे दोन चुण्या, मागे थोडं इलॅस्टिक आणि खाली पाय इतके रुंद की बघत राहावं.

"हे काय गं? उशीचे अभ्रे?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात बरं पडतं ताई, वारा लागतो," ती म्हणाली.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "वारा कसला, एकेका पायात माणूस बिऱ्हाड करील." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवशी मी सासूबाईंच्या चहात साखर जास्त घातली.

पण आनंद टिकला नाही. समोरच्या औषधाच्या दुकानाचा मालक एक पँट घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मेव्हण्याला घेऊन आला. मग शाळेतले मास्तर आले. मग बँकेतले आले, जे आयुष्यभर माझ्याकडून टोकदार इस्त्रीच्या पँटी शिवून घेत होते. येणारा प्रत्येक जण दारातून माझ्याकडे न बघता विचारायचा, "त्या मोकळ्या पँटी कोण शिवतं?" आणि दीर लगेच खुर्ची पुढे सरकवून धाकटीकडे बोट दाखवायचा. पँटी मोठीच्या, ही वाटणी कुठे वाहून गेली ते विचारायला कोणी तयार नाही. सासूबाईसुद्धा फिरल्या. म्हणतात कशा, "चालताना काय डौलदार दिसतात नाही!" मी माझ्या मशीनवर मूग गिळून बसले. पायाखालचा पेडल मात्र असा दाबत होते की दीर दोनदा म्हणाला, "वहिनी, मशीन सावकाश."

एवढंही मी सहन केलं असतं. गिऱ्हाइकं काय, येतात-जातात. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी मी जिन्यात केर काढत होते आणि वरून हे उतरले. अंगात नेहमीचा निळा शर्ट. खाली ती पँट. वाळूच्या रंगाची, हलकी, पायरीगणिक झुलणारी. आणि हे चक्क शीळ घालत होते. ह्यांची शीळ मी लग्नाआधी ऐकली होती, त्यानंतर आत्ता.

मी केरसुणी आडवी धरली. "ही कोणी शिवली?"

"धाकटीने. सहज शिवली गं, कापड उरलं होतं."

"आणि माप?"

हे कान खाजवायला लागले. "माप... घेतलं की."

"कधी?"

"अगं, जाऊ दे ना, मला दूध आणायचंय." असं म्हणून हे केरसुणीवरून पाय उचलून निघून गेले. आणि पाय काय सहज उचलला! गेली कित्येक वर्षं जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरणारा माणूस.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माप घेतलं म्हणे. म्हणजे कमरेभोवती टेप गेली. मांडीभोवती गेली. ह्यांच्या अंगाला टेप लावायचा हक्क या घरात एकटीचा आहे, आणि ती एकटी जिन्यात केर काढत उभी होती.

त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांना दुसरं काही दिसेना. हे ती पँट रोज घालायला लागले. डेपोत फक्त गणवेशाचा शर्ट बघतात, स्टिअरिंगच्या खाली काय आहे ते कोण विचारतंय! बरं, ज्या माणसाने कधी स्वतःचा रुमाल पिळला नाही, तो संध्याकाळी आल्यावर ती पँट स्वतः धुवायचा. घट्ट पिळायचा नाही, हलकेच झटकायचा आणि गच्चीत सावलीत वाळत घालायचा. मी एकदा म्हटलं, "द्या इकडे, मी धुते." तर म्हणाले, "नको, याला जपून धुवावं लागतं. धाकटीने सांगितलंय." धाकटीने सांगितलंय! मी आयुष्यभर सांगत आले की ओला टॉवेल गादीवर टाकू नका, ते कधी ह्यांच्या कानात शिरलं नाही.

आता मला मागचंही सगळं आठवायला लागलं. हल्ली पावडरचा डबा भराभर संपत होता. मी थट्टेत म्हणायचे, "काय हो, कोणासाठी एवढं नटता?" हे नुसतं हसायचे. बसमध्ये बसायला घडी केलेला मऊ टॉवेल न्यायला लागले होते. पावडर, टॉवेल, शीळ आणि आता झुलती पँट. बाई गं, माझ्या जागी दुसरी कोणी असती तर ती काय समजायचं ते समजली असती. मीही समजले. धाकटीवर माझा तसला संशय नव्हता, उगाच कशाला पाप लावू? पण आपल्या माणसाचे लाड दुसरीने करावेत आणि त्याने ते गुपचूप करून घ्यावेत, हे काय कमी झालं?

ह्यांच्या सुट्टीच्या एका दुपारी हे वर झोपले होते आणि दुकानात मी एकटीच होते. गच्चीतून ती पँट आणली, इस्त्रीच्या टेबलावर टाकली आणि उलटी केली. मला खोट हवी होती. एक तरी वाकडी टीप, एक सुटलेला दोरा, खिशाच्या तोंडाशी चुणी, काहीतरी. धाकटी शर्टवाली, पँटीच्या आसनाची शिवण हिला कुठून जमणार? म्हणून मी आधी तिथेच बघितलं. जमली होती. शिवण दुहेरी, सपाट दाबलेली, बोटाला कळतसुद्धा नव्हती. कंबरपट्टा सरळ. खालची तुरपाई हाताने घातलेली, माझ्यापेक्षा बारीक. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग मला ते अस्तर दिसलं. मांडीच्या आतल्या बाजूला, आसनापासून थेट गुडघ्यापर्यंत, पातळ मऊ सुती कापडाचं अस्तर. पुरुषांच्या उन्हाळी पँटीला असं अस्तर कोण लावतं? हलकं राहावं म्हणूनच तर हे कापड घ्यायचं. इतर कोणाच्या पँटीला तिने ते लावलं नव्हतं, मी तिच्या टेबलावरच्या सगळ्या उलट्या करून पाहिल्या. फक्त ह्यांच्या. एवढे लाड! एवढी काळजी! मी पँट सुलटी करून होती तशी गच्चीत वाळत टाकून आले. खरं सांगते, कात्री हातात होती आणि हात शिवशिवत होते.

पण मी कात्री दुसरीकडे चालवायची ठरवली. म्हटलं, लिनन हवंय ना? मोकळी हवी ना? मग बघाच. बाजारात जाऊन मी धाकटीपेक्षा चांगलं कापड आणलं. त्यातही लिननच जास्त. रात्रभर पाण्यात भिजवलं, सावलीत वाळवलं, ओलसर असतानाच इस्त्री केली, म्हणजे आटायचं ते आधीच आटतं. कापड टेबलावर पसरलं आणि खिळ्यावरचा खाकी कागद काढला.

धाकटी कॉलर उलटवत होती. कोणासाठी ते तिला विचारायची गरजच नव्हती. जरा वेळ घुटमळली, मग म्हणाली, "ताई, रागावू नका. दादांचं माप पुन्हा घ्याल का एकदा?"

"का? तुझ्याकडे आहे वाटतं लिहिलेलं?"

"तसं नाही..."

"माझ्या नवऱ्याचं माप मला सांगतेस? हा कागद टांगला तेव्हा तू शाळेत जात होतीस."

सासूबाईंच्या हातातलं बटण खाली पडलं. दीर एकदम गल्ला आवरायला लागला. मी कागद कापडावर ठेवला. कंबर दर काही वर्षांनी अंदाजाने वाढवत आले होते, तशीच आताही बोटभर वाढवली. बाकी कागद होता तसा. मग गुडघ्याच्या खाली खडू लावला आणि पाय असे रुंद काढले, असे रुंद काढले, की धाकटीच्या पँटी त्यापुढे नळकांडी वाटाव्यात.

शिवताना मी जीव ओतला. चुण्या सुरीसारख्या पाडल्या. खिशाला आतून रेशमी पट्टी लावली. पँट पुरी झाली तेव्हा सासूबाईंनी हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "आहे बाई तुझ्या हातात कला." धाकटीनेही मान डोलावली. पण ती पँटीच्या वरच्या भागाकडे बघत होती आणि तिचा चेहरा काही खुलला नाही. मला वाटलं, जळली. मला फार बरं वाटलं.

सकाळी मी ह्यांच्या पलंगावर पँट मांडून ठेवली. ह्यांनी ती घातली, आरशात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कशी आहे?"

"छान आहे."

"नुसती छान?"

"फारच छान आहे गं. पाय बघ किती मोकळे." हे हसले. मग जिन्यावरून उतरताना कठडा धरला. मी ते पाहिलं. पण तेव्हा माझं लक्ष पायांच्या घेराकडे होतं, तो काय सुंदर हलत होता! समोरचा औषधवाला ह्यांना म्हणाला, "वा, ही नवीन?" आणि हे मोठ्याने म्हणाले, "बायकोने शिवली." मी दिवसभर त्यावर तरंगत होते. धाकटीला स्वतः चहा करून दिला, उगाच तिच्या मनात काही राहायला नको म्हणून.

त्या दिवशी उन्हाने कहर केला होता. संध्याकाळी हे आले ते पाय फाकवून चालत. जिन्यात मध्येच थांबले. मी वरून विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही, दमलोय." सरळ न्हाणीघरात गेले आणि दार लोटलं. टॉवेल बाहेरच विसरले होते. तो द्यायला म्हणून मी दार ढकललं.

हे भिंतीला टेकून उभे होते. माझी पँट खुंटीला. हातात पावडरचा डबा. आणि दोन्ही मांड्या आतून सोललेल्या, लालभडक, एका ठिकाणी रक्ताचा ठिपका. मी बघतच राहिले. लाल रंगाच्या भोवती काळसर डाग होते, जुने, एकावर एक. ते आजचे नव्हते.

"अगंबाई! हे काय?"

"असू दे गं. टॉवेल दे आणि जा."

"जात नाही. कधीपासून आहे हे?"

ह्यांनी डबा खाली ठेवला. "आहे बरीच वर्षं. इंजिन पायाशी असतं, दिवसभर घाम, आणि शिवण तिथेच घासते. उन्हाळ्यात वाढतं. मधे धाकटीच्या पँटीने बरं झालं होतं."

मी खुंटीवरची पँट घेतली. कंबर धरली आणि मांडीजवळ ताणून पाहिली. जागाच नव्हती. वीस-बावीस वर्षांच्या काटकुळ्या पोराची मांडी होती ती, त्या खाकी कागदावरची. मी रुंदी दिली होती ती गुडघ्याच्या खाली, जिथे लोकांना दिसते. जिथे माणूस दिवसभर बसतो तिथे वर्षानुवर्षं एक सूतही वाढवलं नव्हतं. पँटी शिवण्यात माझं आयुष्य गेलं आणि परक्या गिऱ्हाइकाचं माप मी दर खेपेला नव्याने घेते.

"मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला. रागावले की रडू यायच्या आधी माझा आवाज चढतो.

"सांगितलं होतं."

"कधी?"

"एकदा, दुकानात. म्हटलं, पँट काचते. तू म्हणालीस, पँट काचत नाही, तुम्ही सुटलात, जेवताना हात आवरा. गिऱ्हाइकं होती. सगळे हसले."

मला आठवेना. आठवायला हवं होतं, पण मी अशी वाक्यं दिवसातून किती बोलते! हे मात्र विसरले नव्हते.

"आणि मग धाकटीला जाऊन सांगितलंत." बघा, त्याही वेळी माझ्या तोंडून हेच निघालं.

"तिला काही सांगितलं नाही. तिनेच विचारलं. मी जेवताना खुर्चीच्या टोकावर बसतो, ते तिने पाहिलं. मग भाऊने मला आतल्या खोलीत नेलं आणि माप घेतलं. ती बाहेर आकडे लिहीत होती." ह्यांना त्या दुखण्यातही हसू आलं. "तुला काय वाटलं? काय काय येतं गं तुझ्या मनात!"

टेप दिराच्या हातात होती. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ज्या टेबलावर मी रोज ह्यांना वाढते, त्याच टेबलावर धाकटी जेवते. खुर्चीचं टोक माझ्याही समोर होतं.

मी खाली गेले. दुकानात धाकटी आवराआवर करत होती. माझं तोंड बघून तिला कळलं असावं, कारण तिने चहाचं विचारलं नाही. मी गळ्यात टेप अडकवली, खडू घेतला आणि खिळ्यावरचा खाकी कागद काढून केराच्या टोपलीत टाकला. मग जराशाने म्हटलं, "ते अस्तराचं मऊ कापड उरलंय का तुझ्याकडे?" तिने ड्रॉवर उघडला आणि घडी माझ्या हातात दिली. मला अजूनही तिचा राग येत होता. तिने शिवली त्याचा नाही. तिने पाहिलं, त्याचा.

वर हे अर्ध्या चड्डीत खाटेच्या कडेला बसले होते, मांड्यांना मलम लावून. मी म्हटलं, "उभे राहा. माप घ्यायचंय."

"आत्ता? राहू दे ना."

"उभे राहा म्हणते ना!"

ते उभे राहिले. आधी मांडी मोजली, हलक्या हाताने, मलमाला धक्का न लावता. मग टेप कमरेभोवती नेली. तेवढ्यात ह्यांचं पोट आत गेलं. खांदे वर चढले, श्वास कोंडला, नजर समोरच्या भिंतीवर. शाळेत मास्तरांसमोर उभं राहावं तसे.

"पोट सोडा."

"सोडलंय."

"मी आयुष्यभर लोकांची मापं घेतेय. सोडलेलं पोट मला कळतं."

ह्यांनी पोट काही सोडलं नाही. मला विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवेना. "भावोजींनी माप घेतलं तेव्हाही असंच आत ओढून उभे होतात?"

हे भिंतीकडेच बघत होते. "नाही," म्हणाले.

मी टेप सैल केली. मान खाली घालून म्हटलं, "सोडा आता. मी काही बोलणार नाही."

ह्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. मग पुन्हा माझ्याकडे. आणि हळूहळू श्वास सोडला. टेप माझ्या बोटांतून सरकत गेली, सरकत गेली, मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पुढे जाऊन थांबली. जिभेच्या टोकावर एक वाक्य आलंच होतं. ते मी गिळलं आणि आकडा खडूने हातावर लिहिला.